रोजच्या जेवणासाठी हाताने घडवलेली ताटली आणि वाडगा: माती निवडण्यापासून वापरापर्यंत

घरी घडवलेली ताटली सुकतानाच काठापासून मध्यापर्यंत चिरते, भाजून आणलेल्या वाडग्याच्या बुडाखाली ओल धरते, किंवा महिनाभर वापरल्यावर आतल्या ग्लेझवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपावर, बारीक रेषांचे जाळे उमटते. या तक्रारी घेऊन येणारी मंडळी बहुतेक वेळा भट्टीला दोष देतात, पण यातील जवळजवळ प्रत्येक दोष भट्टी पेटण्याच्या बराच आधी भांड्यात शिरलेला असतो. भट्टी तो फक्त उघड करते. म्हणून या लेखात घडवण्याच्या कौशल्यापेक्षा तयारी आणि टप्प्यांचा क्रम यांवर अधिक भर दिला आहे.

येथे सांगितलेली पद्धत चाकाशिवाय, निव्वळ हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे: लाटलेल्या मातीची जेवणाची ताटली आणि बोटांनी दाबून घडवलेला आमटीचा वाडगा. माती स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजून घट्ट होणारी), भट्टी विजेची आणि ग्लेझ लावल्यानंतरच्या दुसऱ्या भाजणीचे तापमान सुमारे १२२० अंश सेल्सिअस असे गृहीत धरले आहे. घरी भट्टी नसेल तर भाजणी करून देणाऱ्या स्टुडिओशी माती विकत घेण्यापूर्वी बोलावे, कारण पुढचे सगळे त्या एका आकड्यावर ठरते.

टप्पा १: माती, ग्लेझ आणि तापमान एकत्र निवडा

माती किती अंशांना पक्की होते, ग्लेझ किती अंशांना वितळते आणि आपल्याला उपलब्ध असलेली भट्टी किती तापमान गाठते, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय जेवणाचे भांडे होत नाही. एका दुकानातून स्वस्त मिळाली म्हणून टेराकोटा माती घ्यायची, दुसरीकडून आवडत्या रंगाचे उच्च तापमानाचे ग्लेझ आणायचे आणि मग भट्टी शोधायची, ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. साधारण १००० अंशांच्या आसपास भाजायची टेराकोटा १२२० अंशांपर्यंत नेली तर ती वाकते, फुगते आणि काही वेळा वितळून भट्टीच्या फळीला कायमची चिकटते. याउलट स्टोनवेअर माती १०५० अंशांवर थांबवली तर भांडे दिसायला उत्तम दिसते, परंतु आतून सच्छिद्र राहते आणि धुण्याचे पाणी, मीठ व तेल हळूहळू शोषत जाते.

माठात पाणी गार राहते ते याच सच्छिद्रपणामुळे: पाणी झिरपते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड होते. आमटीच्या वाडग्यात मात्र हाच गुण वासाला आणि बुरशीला वाट करून देतो. टेराकोटाच्या ताटलीवर व्हार्निश किंवा ऑइलपेंट लावून ती जेवणासाठी वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. हे लेप अन्नासाठी बनवलेले नसतात आणि गरम पदार्थाखाली सुटू लागतात.

शेतातली काळी माती चाळून वापरावी का, हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास विचारला जातो. ताटलीसाठी तरी वापरू नये. ती ओली असताना खूप फुगते आणि सुकताना तितकीच आकसते, त्यामुळे सपाट वस्तू तडकतेच. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर अशा खड्याचा चुना होतो, तो हवेतला दमटपणा ओढून फुगतो आणि भांडे घरी आणल्यावर काही दिवसांनी त्यावरचा टवका उडतो.

माती ठरल्यावर थेट भांडी घडवू नका. आधी त्या मातीची एक पट्टी लाटा, ओली असतानाच तिच्यावर मोजून १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि ज्या भट्टीत भांडी भाजायची आहेत तीतच ती पट्टी ग्लेझ न लावता पूर्ण तापमानाला भाजून घ्या. रेघ ८.८ सेंटिमीटर भरली तर आकसण्याचे प्रमाण १२ टक्के आहे, म्हणजे २२ सेंटिमीटरची ताटली हवी असल्यास ओली चकती २५ सेंटिमीटरची कापावी लागेल.

तपासणी: हीच भाजलेली पट्टी कोरडी असताना वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, वरवर पुसा आणि पुन्हा वजन करा. १०० ग्रॅमची पट्टी १०२ ग्रॅमच्या आत राहिली तर माती जेवणाच्या भांड्यांसाठी योग्य आहे. ती १०५ किंवा ११० ग्रॅम भरली तर माती तरी बदला किंवा तापमान तरी. वर कितीही चांगले ग्लेझ लावले तरी ही उणीव भरून निघत नाही.

टप्पा २: जागा आणि हत्यारे

हत्यारे थोडीच लागतात: लाटणे, ७ मिलिमीटर जाडीच्या दोन सारख्या लाकडी पट्ट्या, जाड सुती कापड, माती कापायची तार, सुई, स्पंज, रबराची किंवा पातळ पत्र्याची गुळगुळीत पट्टी आणि आकारासाठी एक उथळ थाळी. स्वयंपाकाचे लाटणे एकदा मातीला लावले की ते मातीचेच समजावे.

सावधान: सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. काम झाल्यावर झाडू मारू नका, पंख्याखाली सुकी माती घासू नका. ओल्या फडक्याने पुसा. कोरडी पूड हाताळायची असेल तेव्हा एन-९५ मास्क लावा. स्वयंपाकघराचा ओटा या कामासाठी वापरू नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

टप्पा ३: माती मळणे

पाकिटातली माती तयार असली तरी ती मळावीच लागते, कारण पाकिटाच्या बाहेरच्या बाजूची माती घट्ट आणि आतली मऊ असते. येथे हाताची सवय आड येते. कणीक मळताना आपण घडी घालून दाबतो. मातीची तशीच घडी घातली की तिच्यात हवा कोंडते. म्हणून गोळा तळहातांच्या टाचेने पुढे आणि खाली ढकलावा, थोडा आपल्याकडे उभा करावा, पुन्हा ढकलावा, आणि त्याचा वरचा थर कधीही दुमडून आत घेऊ नये. शंभरएक वेळा असे केल्यावर माती सगळीकडे सारखी लागते.

तपासणी: गोळा तारेने मधोमध कापा. कापलेल्या भागावर छिद्रे, फिकट-गडद पट्टे किंवा गुठळ्या दिसत असतील तर दोन्ही भाग एकमेकांवर जोरात आपटून पुन्हा मळा. प्लास्टरच्या फळीवर मळत असाल तर फळीचा टवका मातीत गेलेला नाही ना, हेही पाहा. प्लास्टरचा कण पुढे चुनखडीच्या खड्यासारखाच उपद्रव देतो.

टप्पा ४: ताटली लाटणे आणि कापणे

१. कापडावर मातीचा गोळा तळहाताने थापून सपाट करा. लाटण्याचा सगळा जोर जाड गोळ्यावर लावू नका.

२. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून मध्यापासून बाहेर लाटा. प्रत्येक तीन-चार फेऱ्यांनंतर माती कापडासह उचलून उलटी करा आणि पाव वळण फिरवा. एकाच दिशेने लाटलेली चकती भाजल्यावर लंबगोल होते, कारण ज्या दिशेने ती ताणली गेली त्या दिशेने ती वेगळी आकसते.

३. जाडी पट्ट्यांइतकी झाली की रबराची पट्टी किंचित तिरपी धरून संपूर्ण पृष्ठभाग दाबत घोटा: आधी उभा, मग आडवा, मग चकती उलटून दुसऱ्या बाजूने. या घोटण्यात माती दाबली जाऊन तिचे कण जवळ येतात. बहुतेकांना हे काम केवळ गुळगुळीतपणासाठी वाटते आणि ते घाईत उरकतात, पण मध्यावर पडणारे तडे टाळण्याचा याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

४. लाटलेली माती अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माती चिकटत नाही, अशी झाली की चकती कापा.

५. चकती हाताने काठाला धरून उचलू नका. कापडासह उचला, थाळीवर ठेवा आणि ओल्या स्पंजाने मध्यापासून काठाकडे हलकेच बसवा. काठाला धरून उचललेल्या मातीत आलेला बाक दाबून सरळ केला तरी तो भट्टीत परत येतो, आणि ताटली टेबलावर डुगडुगते ती यामुळेच.

६. काठ ओल्या बोटाने किंवा ओल्या पातळ चामड्याने गोलसर करा. धारदार काठावरून ग्लेझ ओसरते आणि असा काठ भांडी घासताना लवकर टवके धरतो.

टप्पा ५: वाडगा घडवणे आणि बैठक जोडणे

अर्धा किलो मातीचा गोळा डाव्या तळव्यात धरून उजवा अंगठा मध्यात घाला आणि बुडाला बोटभर जाडी राखून थांबा. मग बुडापासून वर, एकेक वेढा घेत, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत माती दाबत जा. भिंत ५ ते ६ मिलिमीटरची झाली की पुरे. काठ सर्वांत आधी सुकतो आणि चिरतो, म्हणून घडवताना तो शेवटपर्यंत जाड ठेवावा व मधूनमधून ओल्या फडक्याने झाकावा. वाडगा पसरू लागला तर पाणी लावून त्याच्याशी झगडत बसू नका. वीस मिनिटे बाजूला ठेवला की माती स्वतःच सावरते.

तपासणी: सुई बुडात आणि भिंतीत टोचून जाडी मोजा. नवशिक्याच्या वाडग्याचे बूड भिंतीच्या दुप्पट जाड असते आणि पहिल्या भाजणीत नेमके तेच फुटते. जास्तीची माती भांडे थोडे घट्ट झाल्यावर खरवडून काढा.

वाडगा कापलेल्या साबणाइतका घट्ट झाला की तो उलटा करून त्याच्या बुडावर मातीच्या वळीची गोल बैठक जोडा. दोन्ही पृष्ठभागांवर सुईने आडवेउभे ओरखडे काढा, त्याच मातीची दाट लापशी लावा, वळी थोडी हलवत दाबा आणि आतून-बाहेरून सांधा लाकडी हत्याराने मिटवा. नुसते पाणी लावून जोडलेला सांधा सुकताना सुटतो. मऊ वळी सुकत आलेल्या वाडग्याला जोडली तर लापशी कितीही लावली तरी तडा जातो, कारण दोघे वेगवेगळ्या वेळी आकसतात. २० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ताटलीला बाहेरच्या बैठकीच्या आत आणखी एक लहान कडे द्यावे. दुसऱ्या भाजणीच्या उष्णतेत माती मऊ होते आणि आधार नसलेला मध्य खाली बसतो.

टप्पा ६: सुकवणे

या टप्प्याला सर्वांत कमी मान मिळतो आणि सर्वांत जास्त भांडी येथेच जातात. ताटलीचा काठ हवेला तिन्ही बाजूंनी उघडा असतो, मध्य मात्र फळीवर टेकलेला असतो. काठ आधी सुकतो, आकसतो आणि घट्ट होतो; अजून ओल्या असलेल्या मध्याला नंतर आकसायला जागाच उरत नाही, आणि तडा जातो. सुकवण्याची सगळी युक्ती काठाला रोखून धरण्यात आणि मध्याला हवा देण्यात आहे.

१. पहिले दोन दिवस भांडे पूर्णपणे पातळ प्लास्टिकखाली ठेवा, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो.

२. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या मधोमध तळहाताएवढे भोक पाडा, काठ झाकलेलाच राहू द्या. कपाला कान जोडला असेल तर त्यालाही वेगळी प्लास्टिकची पट्टी गुंडाळा.

३. ताटली उचलता येईल इतकी घट्ट झाली की थाळीवरून सोडवा, सपाट फळीवर वर्तमानपत्र घालून त्यावर काठावर उलटी ठेवा आणि रोज एकदा पालटा. आकसताना भांड्याला सरकता आले पाहिजे, त्यासाठी कागद असतो.

४. रंग सगळीकडे फिकट झाल्यावरच प्लास्टिक काढा आणि सावलीत, वाऱ्याचा झोत नसलेल्या जागी ठेवा.

सुकायला कोरड्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तीन आठवडेही कमी पडतात, आणि तेव्हाच उन्हात, पंख्याखाली किंवा फ्रिजच्या मागे ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. एका बाजूने आलेली उष्णता त्या बाजूला आधी आकसवते आणि भांडे वाकते किंवा चिरते.

तपासणी: भांड्याचे बूड गालाला लावा. गार लागले तर आत अजून पाणी आहे. खोलीइतकेच कोमट लागले की ते भट्टीला तयार आहे.

सावधान: सुकलेल्या भांड्याला तडा दिसला तर तो लापशीने बुजवून भट्टीत पाठवू नका. भाजल्यावर तो पुन्हा उघडतो आणि जेवणाच्या भांड्यात अशा फटीत अन्न अडकते. न भाजलेले भांडे पाण्यात विरघळते. माती परत वापरात आणा आणि नवे घडवा.

टप्पा ७: पहिली भाजणी

पहिल्या भाजणीत माती पक्की होते पण ग्लेझ शोषण्याइतकी सच्छिद्र राहते. स्टुडिओत तिला बिस्क म्हणतात. तापमान १००० अंशांच्या आसपास ठेवावे. यात भांडी एकमेकांना टेकलेली किंवा एकात एक ठेवलेली चालतात.

भट्टीचे झाकण किंचित उघडे ठेवून ८० ते ९० अंशांवर चार ते सहा तास, आणि पावसाळ्यात रात्रभर, स्थिर ठेवा. पाणी १०० अंशांना उकळते. मातीत पाणी असताना ही रेषा ओलांडली की कोंडलेली वाफ भांडे फोडते आणि त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर जातात. त्यापुढे तासाला ६० ते ८० अंशांच्या वेगाने ६०० पर्यंत जा. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झ हे सिलिकाचे खनिज एकदम प्रसरण पावते, तेथे घाई नको. थंड होतानाही ही ५७३ अंशांची रेषा परत लागते, म्हणून १०० अंशांच्या वर भट्टी उघडू नका. बाहेर आलेले भांडे बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर न दिसणारा तडा आहे.

टप्पा ८: ग्लेझ निवडणे आणि लावणे

अन्नाला जो पृष्ठभाग लागतो त्याबद्दल माझे मत आग्रही आहे: आतून शिसे व कॅडमियम नसलेले, चकचकीत, पांढरे किंवा पारदर्शक ग्लेझच लावावे आणि सगळी हौस बाहेरच्या अंगाला भागवावी. आपल्या जेवणात चिंच, कोकम, लिंबू, ताक आणि लोणचे रोजचे आहे. आम्ल पदार्थ कच्च्या ग्लेझमधून धातू ओढून काढतात, आणि तांब्याचे हिरवे किंवा मँगनीजचे गडद, निस्तेज पोताचे ग्लेझ या बाबतीत अधिक बेभरवशाचे असतात. निस्तेज ग्लेझवर चमच्याचे राखाडी ओरखडेही उमटतात. डब्यावरचा ‘फूड सेफ’ हा शिक्का त्या डब्यातील ग्लेझ सांगितलेल्या तापमानाला पूर्ण वितळले तरच खरा असतो. दोन ग्लेझ एकमेकांवर लावले की तो लागू होत नाही.

१. भांडे ओलसर स्पंजाने पुसा आणि काही तास सुकू द्या. हाताला तेल किंवा क्रीम लागलेले नसावे. तेलाच्या डागावरून ग्लेझ भट्टीत मागे सरते आणि उघडी माती दिसते.

२. ग्लेझ तळापासून ढवळा, ८० नंबरच्या चाळणीतून गाळा. १०० मिलिलिटर ग्लेझचे वजन १४० ते १५० ग्रॅम भरावे.

३. वाडग्यात ग्लेझ ओता, फिरवा आणि लगेच ओतून टाका. भिंत कोरडी झाल्यावरच बाहेरची बाजू तीन सेकंद बुडवा. दोन्ही बाजू एकापाठोपाठ केल्या की पातळ भिंत भिजते आणि दुसरा थर नीट बसत नाही.

४. बैठकीवरचे आणि तिच्या वरचे ३ मिलिमीटरपर्यंतचे ग्लेझ स्पंजाने स्वच्छ पुसा.

तपासणी: न दिसणाऱ्या जागी टाचणीने ग्लेझ खरवडून थराची जाडी पाहा. ती सुमारे १ मिलिमीटर असावी. पातळ थर खरखरीत राहतो, जाड थर ओघळून फळीला चिकटतो.

टप्पा ९: दुसरी भाजणी

आता भांडी एकमेकांना मुळीच टेकू नयेत. दोन भांड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. ओघळलेले ग्लेझ चिकटू नये म्हणून फळ्यांवर ॲल्युमिना आणि केओलिन या न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडींचा लेप असावा. प्रत्येक फळीवर एक कोन, म्हणजे ठरावीक उष्णता मिळाल्यावर वाकणारा छोटा सुळका, ठेवा. भट्टीचा आकडा फक्त तापमान सांगतो, तर कोनाचा वाक उष्णतेचे खरे काम दाखवतो, आणि खालच्या व वरच्या फळीत बराच फरक पडू शकतो. शेवटच्या शंभर अंशांत तासाला ६० अंशांहून वेगाने जाऊ नका आणि टोकाला दहा-पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे ग्लेझमधले बुडबुडे बसतात. स्टुडिओला भाजणी देताना मातीचे नाव, ग्लेझचे नाव आणि हवे ते तापमान चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेले तेथे मिसळून जाते.

टप्पा १०: जेवण वाढण्यापूर्वीच्या तपासण्या

सुंदर दिसणारे भांडे लगेच ताटात घेण्याचा मोह आवरा आणि त्याच मातीच्या व ग्लेझच्या एका भांड्यावर पुढील चाचण्या करा.

झिरप: भांड्यात पाणी भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर ओले कडे उमटले असेल तर माती पक्की झालेली नाही.

जाळे: भांडे तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर सिंकमध्ये ठेवून अंतर राखून त्यात उकळते पाणी ओता, आणि हे तीनदा करा. मग ग्लेझवर शाई फासून पुसा. बारीक रेषा दिसल्या तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसते आहे, आणि ही जोडी जेवणासाठी बाद समजावी. काठावरून ग्लेझचे कपचे सुटत असतील तर दोष याच्या उलट आणि अधिक गंभीर आहे, कारण ते कपचे काचेसारखे धारदार असतात.

आम्ल: लिंबाची फोड ग्लेझवर २४ तास ठेवा. त्या जागी रंग उतरला किंवा चमक गेली तर ते भांडे अन्नाला लावू नका. डाग पडला नाही, एवढ्यावरून शिसे नाही असे सिद्ध होत नाही. भांडी विकायची असतील तर शिसे आणि कॅडमियमची प्रयोगशाळेतील तपासणी करूनच विका.

मायक्रोवेव्ह: रिकामे भांडे आणि शेजारी पाण्याचा काचेचा पेला एक मिनिट ठेवा. पाणी तापून भांडे गार राहिले पाहिजे. भांडे तापले तर त्याच्या मातीत पाणी शिरलेले आहे.

शेवटी बैठक ओल्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा, नाहीतर ती टेबलावर आणि एकात एक ठेवलेल्या भांड्यांवर चरे पाडते.

वापर

ही भांडी गॅसच्या आचेवर ठेवू नयेत आणि फ्रिजमधून काढून लगेच गरम आमटी त्यांत वाढू नये. पहिलेच काम म्हणून लोणच्याची बरणी करायला घेऊ नये, कारण मीठ, आम्ल आणि तेल तीत महिनोन्‌महिने राहतात आणि ग्लेझची छोटीशी उणीवही तेथे मोठी ठरते. ताटली आणि वाडग्याच्या दोन-तीन भाजण्या सर्व चाचण्यांत उतरल्यावर बरणीकडे वळावे. चाचणीत नापास झालेली भांडी कुंडीखालची बशी, साबणाची तबकडी किंवा किल्ल्या ठेवायचे पात्र म्हणून वापरता येतात, मात्र त्यांच्या बुडावर कायमची खूण करून ठेवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी त्यांत चटणी वाढणार नाही.